एका डॉलरला किती रुपये? जुने विनिमय दर वाचताना

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या टेरी टॉवेलच्या कारखानदाराला, सांगोल्याच्या डाळिंब निर्यातदाराला किंवा मुलीच्या अमेरिकेतल्या शिक्षणाची फी भरणाऱ्या सोलापूरच्या पालकांना डॉलरचा आजचा दर सांगावा लागत नाही, कारण तो त्यांना तोंडपाठ असतो. जुन्या दरांविषयीची समजूत मात्र बहुतेकांच्या मनात एका सरळ उतरत्या रेषेसारखी बसलेली असते: १९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता आणि तेव्हापासून रुपया घसरतच गेला. दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरणारा हा मजकूर चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट पाहिले, तर जुन्या दरांचा तक्ता वाचण्याची अर्धी रीत तिथेच कळते.

१९४७ मध्ये रुपयाचे डॉलरशी थेट नाते नव्हतेच. रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, अर्थात १८ पेन्स, हा दर १९२७ च्या कायद्याने ठरला होता. त्या काळी एका पौंडात २४० पेन्स असत, म्हणून एका पौंडाचे १३.३३ रुपये होत. पौंडाचा डॉलरमधला दर तेव्हा ४.०३ होता. १३.३३ ला ४.०३ ने भागले की डॉलरला सुमारे ३.३१ रुपये येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये रुपयाचे जे मूल्य नोंदवले गेले, ते एका रुपयाला ३०.२२५ अमेरिकी सेंट असे होते, आणि त्याचा उलटा हिशेबही तितकाच भरतो. एकास एक असा दर कोणत्याही अधिकृत नोंदीत बसत नाही.

या छोट्या हिशेबात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ३.३१ हा आकडा कोणत्याही बाजारात मागणी-पुरवठ्याने ठरलेला नव्हता. तो दोन सरकारी निर्णयांचा भागाकार होता, एक रुपया-पौंडाचा आणि दुसरा पौंड-डॉलरचा. आज बँकेच्या फलकावर दिसणारा दर हा भाव आहे, तर १९४७ चा दर हा हुकूम होता. एकाच रकान्यात, एकाखाली एक छापलेले हे आकडे वेगवेगळ्या जातीचे असतात, आणि त्यांच्यामधून एकच रेषा ओढून रुपयाच्या अधोगतीची किंवा प्रगतीची गोष्ट सांगणे हा जुन्या दरांचा सर्वांत सर्रास होणारा गैरवापर आहे.

हुकुमाच्या आधीचा काळ चांदीचा होता. १८३५ पासून कंपनी सरकारच्या मुलखात चालणारा प्रमाणित रुपया एक तोळ्याचा होता, त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी असे, आणि कोणीही चांदी नेऊन दिली तर टांकसाळ त्याचे रुपये पाडून देई. इंग्लंडचे चलन मात्र सोन्यावर उभे होते. त्यामुळे रुपया-पौंडाचा दर म्हणजे व्यवहारात चांदी-सोन्याचा दर होता, आणि तो बराच काळ रुपयाला दोन शिलिंगच्या आसपास टिकला. १८७० च्या दशकात जर्मनी आणि पाठोपाठ युरोपातले इतर देश सोन्याकडे वळले, चांदीची मागणी आटली, नव्या खाणींतून तिचा पुरवठा वाढला आणि रुपया उतरू लागला. १८९४-९५ पर्यंत तो १३ पेन्सच्या आसपास आला होता. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडात व्याज, निवृत्तिवेतने आणि इतर खर्च पौंडांत भागवावा लागे, म्हणून उतरत्या रुपयाबरोबर तेवढेच पौंड पाठवण्यासाठी दरवर्षी अधिक रुपये गोळा करणे भाग पडे. त्यामुळे १८९३ मध्येच टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या आणि पुढे रुपया १६ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर, स्थिर करण्यात आला.

उतरता रुपया सरकारला जाचत होता, पण तो सगळ्यांनाच जाचत नव्हता. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड पौंडांत विकले जाई, तेव्हा रुपया उतरला की ते इथल्या बाजारात महाग होई आणि देशी गिरणीला आपोआप आडोसा मिळे. चीनला जाणाऱ्या देशी सुतालाही त्याचा आधार होता, कारण चीनचे चलनही चांदीचेच होते. सोलापुरातली पहिली मोठी कापडगिरणी, जिला शहर अजूनही जुनी मिल म्हणून ओळखते, ती याच १८७० च्या दशकातली. ती केवळ विनिमय दरामुळे उभी राहिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कापूस, रेल्वे आणि विणकरांची पिढीजात वस्ती ही कारणे अधिक थेट होती. तरीही दराचा वारा त्या काळात देशी गिरण्यांच्या पाठीमागून वाहत होता, एवढे निश्चित.

म्हणूनच १९२० च्या दशकातला हुंडणावळीचा, म्हणजे विनिमय दराचा, वाद सोलापूरसारख्या गिरणगावांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली आणि रुपयाही वर गेला. सरकारने १९२० मध्ये दोन शिलिंगांचा दर टिकवण्याचा खटाटोप केला, तो फसला. त्यानंतर चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ पेन्सची शिफारस केली. मुंबईचे गिरणीमालक आणि त्यांच्या बाजूचे पुढारी १६ पेन्सचा आग्रह धरत होते, आणि आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी तसे भिन्नमत नोंदवले. दोन पेन्सचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. परंतु एक पौंड किमतीचे विलायती कापड १६ पेन्सच्या दराने १५ रुपयांना पडे, तर १८ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पैंना. म्हणजे गिरणीच्या दारातच परदेशी मालाला अकरा टक्क्यांची सूट मिळाली. उलट सरकारला इंग्लंडात पाठवायच्या प्रत्येक पौंडामागे पावणेदोन रुपयांच्या जवळपास बचत झाली. देशातल्या किमती आणि मजुरी नव्या दराशी आधीच जुळल्या आहेत, असा आयोगाचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता, पण भार कोणावर पडला हे पाहिले तर त्या युक्तिवादाने गिरणीमालकांचे समाधान न होणे साहजिक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा लंडनमधला प्रबंध याच रुपयाच्या प्रश्नावर होता, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि पुढे त्यांनी या आयोगापुढे साक्षही दिली, हे इथे नमूद करायला हवे. चलनाचा प्रश्न म्हणजे केवळ व्यापाऱ्यांचा हिशेब, असे त्या पिढीने मानले नव्हते.

१९२७ चा १८ पेन्सचा दर १९६६ पर्यंत, म्हणजे ३९ वर्षे, बदलला नाही. हे वाक्य वाचून कोणी म्हणेल की १९४९ मध्ये तर रुपयाचे अवमूल्यन झाले होते. ते झाले, पण डॉलरच्या मानाने. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला आणि भारताने पौंडाशी असलेले नाते तसेच ठेवले. १३.३३ ला आता २.८० ने भागायचे, की ४.७६ रुपये हा नवा दर मिळतो. पौंडाकडून पाहणाऱ्याला त्या वर्षी काहीच घडले नाही, डॉलरकडून पाहणाऱ्याला रुपया तीस टक्क्यांनी उतरला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया उतरवला नाही, त्यामुळे कालपर्यंत समसमान असलेल्या दोन रुपयांमध्ये अंतर पडून १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजावे लागतील असा दर निघाला. भारताने तो मानायला नकार दिला आणि ताग व कापसाचा सीमेपलीकडचा व्यापार काही काळ गोठला. एका चलनाचा दर दुसऱ्याच्या दरावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर अवलंबून असतो, याचे इतके लख्ख उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

६ जून १९६६ चे अवमूल्यन वेगळे होते, कारण तो भारताचा स्वतःचा निर्णय होता. १९६२ आणि १९६५ ची युद्धे, लागोपाठचा दुष्काळ, अमेरिकेवर अवलंबून असलेला गहू आणि रोखून धरलेली परकीय मदत अशा कोंडीत इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला. या घटनेविषयी वाचताना दोन टक्केवाऱ्या भेटतात, ५७.५ आणि ३६.५, आणि त्या परस्परविरोधी वाटतात. दोन्ही बरोबर आहेत. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला, म्हणजे रुपयांत मोजलेला डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. पण आधी एका रुपयात २१ सेंट मिळत, ते आता १३.३३ सेंट मिळू लागले, म्हणजे डॉलरांत मोजलेला रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. आयातदाराला पहिला आकडा लागतो, कारण त्याचे बिल तेवढ्याने फुगते. रुपयाची किंमत किती कमी झाली हे सांगणाऱ्याने दुसरा वापरायचा असतो. वृत्तपत्रांत हे दोन आकडे आजही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

त्याच अवमूल्यनाचा आणखी एक पदर तक्त्यात दिसत नाही. तोपर्यंत निर्यातदारांना आयातीचे परवाने आणि इतर सवलतींच्या रूपाने जी अप्रत्यक्ष मदत मिळत होती, ती सरकारने त्याच वेळी मोठ्या प्रमाणात काढून घेतली आणि चहा, ताग यांसारख्या मालावर निर्यात शुल्क बसवले. त्यामुळे निर्यातदाराच्या हातात प्रत्यक्ष पडलेली वाढ ५७.५ टक्क्यांपेक्षा बरीच कमी होती.

यापुढची दहा वर्षे भराभर सांगता येतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पुन्हा उतरला, २.४० डॉलरवर आला, पण या वेळी रुपयाने त्याच्या मागे जायचे नाकारले आणि पौंड २१ रुपयांवरून १८ वर आला. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि स्थिर दरांची जुनी जागतिक व्यवस्था मोडकळीस आली. पुढच्याच वर्षी पौंड बाजारावर सोडला गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये भारताने रुपया पौंडापासून सोडवून काही निवडक चलनांच्या समूहाशी जोडला. त्या समूहात कोणते चलन किती प्रमाणात आहे हे जाहीर केले जात नसे. म्हणून १९७५ ते १९९२ या काळातला दर हा ना पूर्ण हुकूम, ना पूर्ण भाव. रिझर्व्ह बँक तो रोज ठरवी आणि हळूहळू सरकवी.

१९९१ च्या जुलैमध्ये मात्र सरकवण्याची सवड उरली नव्हती. परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती राहिली होती, सोने परदेशी गहाण टाकावे लागत होते, आणि १ व ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया उतरवण्यात आला. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २५-२६ रुपयांवर गेला. याच्या पुढचे वर्ष तक्ता वाचणाऱ्यासाठी सर्वांत फसवे आहे. मार्च १९९२ पासून वर्षभर देशात दोन अधिकृत दर होते. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरांपैकी ४० टक्के रिझर्व्ह बँकेच्या दराने द्यायचे आणि उरलेले ६० टक्के बाजारभावाने विकायचे, अशी ती व्यवस्था होती. समजा सोलापूरच्या एखाद्या चादर निर्यातदाराने १०० डॉलर आणले, सरकारी दर २६ आणि बाजारभाव ३० होता, तर त्याला १,०४० अधिक १,८०० म्हणजे २,८४० रुपये मिळाले. त्याचा खरा दर २८.४० होता, जो कोणत्याच तक्त्यात छापलेला सापडणार नाही. त्या वर्षाचे जुने खाते तपासताना दर जुळत नसेल, तर चूक कारकुनाची असेलच असे नाही. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक करण्यात आले आणि डॉलर ३१ रुपयांच्या थोडा वर स्थिरावला. रुपया-डॉलरचा बाजारभाव म्हणता येईल असा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. मात्र या बाजारातही रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेऊन किंवा विकून दराचे हेलकावे आवरते.

भावाच्या काळातही रेषा एकाच दिशेने गेलेली नाही. २००६ च्या मध्यावर डॉलर ४६ रुपयांच्या आसपास होता. परदेशी भांडवलाचा ओघ वाढला आणि २००७ च्या अखेरीस तो साडेएकोणचाळीसच्या घरात आला. १०,००० डॉलरची टॉवेलची ऑर्डर ४,६०,००० रुपयांचा हिशेब धरून घेतली आणि पैसे हाती येताना ३,९५,००० झाले, तर ज्या धंद्यात नफा टक्क्यांच्या एकेरी आकड्यांत मोजतात तिथे ६५,००० रुपये म्हणजे सगळा नफा आणि वर पदरचे. ज्यांनी बँकेशी आधीच फॉरवर्ड करार करून पुढच्या तारखेचा दर बांधून घेतला होता, ते वाचले. याच भीतीपोटी काही निर्यातदारांनी, विशेषतः तिरुपूरकडच्या, बँकांच्या सांगण्यावरून गुंतागुंतीचे चलन करार केले; २००८ मध्ये डॉलर उलटा चढू लागला तेव्हा त्यांना जबर नुकसान सोसावे लागले. दर पक्का करणे आणि दरावर पैज लावणे यांतला फरक तेव्हा अनेकांच्या ध्यानात उशिरा आला.

रुपया उतरला की निर्यातदाराची चांदी होते हा समजही अर्धाच खरा आहे. टॉवेलच्या खर्चात मोठा वाटा सुताचा, आणि कापूस जागतिक बाजाराचा माल असल्यामुळे डॉलर महागला की सूतही बहुधा चढते. रंग व रसायने, आयात केलेले माग आणि त्यांचे सुटे भाग हेही डॉलर किंवा युरोशी बांधलेले. रुपयातच राहतो तो मुख्यतः मजुरीचा, विजेचा आणि जागेचा खर्च. त्यात परदेशी खरेदीदारालाही दर दिसतच असतो, आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो सूट मागतो. शेवटी निर्यातदाराच्या हाती राहते ते उतरलेल्या टक्क्यांचा काही अंश.

तक्त्यातला आकडा सरासरीचा आहे की एका दिवसाचा, हा प्रश्न किती महत्त्वाचा ठरतो हे २०१३ वरून कळते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखे खरेदी आवरती घेणार अशी चाहूल त्या वर्षी मे महिन्यात लागली, विकसनशील देशांतून पैसा निघू लागला आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. सप्टेंबरपासून तो पुन्हा खाली आला. २०१३-१४ या आर्थिक वर्षाची सरासरी सुमारे ६०.५० आहे आणि मार्च २०१४ अखेरचा दर ६० च्या थोडा वर आहे. हे दोनच आकडे पाहणाऱ्याला त्या वर्षी फारसे काही घडलेच नाही असे वाटेल. ऑगस्टच्या अखेरीस मागाच्या आयातीचे बिल भरलेल्या कारखानदाराला ते पटणार नाही.

आता सर्वांत अवघड, पण टाळता न येणारा मुद्दा. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या वर होता आणि २०२४ मध्ये त्याची सरासरी ८४ च्या जवळ होती, म्हणजे डॉलर पावणेतीन पटींच्या आसपास महागला. याच काळात भारतातल्या ग्राहक किमती सात पटींहून अधिक वाढल्या, तर अमेरिकेतल्या दुपटीहून थोड्या अधिक. दोन्ही देशांतल्या महागाईतली ही तफावत पूर्णपणे दरात उतरली असती, तर डॉलर तिपटीहून बराच अधिक महागायला हवा होता. तो तितका महागला नाही. या ढोबळ हिशेबाने पाहिले तर, अमेरिकी मालाशी तुलना करता भारतीय माल या तीस वर्षांत स्वस्त होण्याऐवजी काहीसा महागच झाला, जरी फलकावरचा रुपया उतरलेला दिसतो. अर्थशास्त्रात याला वास्तविक विनिमय दर म्हणतात, आणि रिझर्व्ह बँक ४० देशांच्या चलनांशी तुलना करून, २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून, तो निर्देशांकाच्या रूपात प्रसिद्ध करते. स्पर्धेत आपण कुठे आहोत हे जाणून घ्यायचे असेल तर हा निर्देशांक बँकेतल्या दरापेक्षा अधिक कामाचा आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा अगदीच कमी होते.

जुने दर शोधताना काही व्यावहारिक बाबी लक्षात ठेवाव्या लागतात. जुलै २०१८ पासून दररोजचा संदर्भ दर रिझर्व्ह बँकेऐवजी फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जाहीर करते, त्याआधीचे संदर्भ दर रिझर्व्ह बँकेचे आहेत. पण संदर्भ दराने कोणाचाही व्यवहार होत नाही. निर्यातदाराकडून डॉलर घेताना बँक थोडा कमी दर देते, पालकांना फीसाठी डॉलर विकताना थोडा जास्त लावते, आणि आयात मालाचे शुल्क मोजण्यासाठी सीमाशुल्क विभाग स्वतःचा वेगळा दर जाहीर करतो. एकाच तारखेला हे चारही आकडे निरनिराळे असणे हा गोंधळ नव्हे. जुन्या बिलावरचा दर तपासताना तो यांपैकी कोणता, हे आधी ठरवावे.

डाळिंबाच्या व्यापाऱ्यांचे काम एका बाबतीत सोपे आहे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने पक्का बांधलेला आहे, त्यामुळे दुबईला गेलेल्या मालाच्या जुन्या बिलासाठी दिरहमचा वेगळा तक्ता धुंडाळावा लागत नाही. त्या दिवसाच्या डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागले की पुरे, म्हणजे डॉलर ८५ रुपये असेल तर दिरहम २३ रुपये १४ पैशांच्या आसपास. नेदरलँड्सला गेलेल्या पेट्यांच्या बाबतीत ही सोय नाही, कारण युरो डॉलरच्या तुलनेत रोज हलतो, आणि एखाद्या हंगामात रुपया डॉलरपुढे उतरलेला असतानाच युरोपुढे चढलेलाही असू शकतो.